ब्रेकची नळी

हैदराबादला पाहुणे आले म्हणजे आपण त्यांना चारमिनार दाखवतो, सालारजंग वस्तुसंग्रहालय दाखवतो, आणि वेळ उरलाच तर चौमहल्ला राजवाड्यात नेतो. त्या राजवाड्यात निजामांच्या मोटारी जतन करून ठेवल्या आहेत. त्यांत पिवळ्या रंगाची, 1912 सालची एक रोल्स-रॉइस ‘सिल्व्हर घोस्ट’ आहे. तिचे सिंहासनासारखे आसन, तिचे दिवे, तिची लकाकी पाहून मुले हरखून जातात. मी शिक्षक असल्यामुळे मला त्या वेळीही प्रश्न विचारल्यावाचून राहवत नाही. मी विचारतो, “मुलांनो, एवढी जड गाडी धावत असेल ते ठीक, पण ती थांबत कशी असेल?”

उत्तर मोठे मनोरंजक आहे. त्या काळच्या या गाड्यांना पुढच्या चाकांवर ब्रेकच नसत. ब्रेक असत ते मागच्या चाकांना, आणि चालकाचा जोर तेथवर पोहोचे तो लोखंडी दांड्यांनी व तरफांनी. ‘सिल्व्हर घोस्ट’ला पुढच्या चाकांचे ब्रेक मिळाले ते बऱ्याच वर्षांनी. दांड्यांच्या या व्यवस्थेत एक मोठी अडचण होती. चारही चाकांना अगदी सारखा जोर पोहोचवणे फार कठीण पडे. एक दांडा जरा ढिला झाला की गाडी एका अंगाला ओढ घेई.

ही अडचण दूर केली ती द्रवाने. अमेरिकेत माल्कम लॉकहीड याने दांड्यांऐवजी नळीत कोंडलेल्या द्रवाकडून हे काम करून घेण्याची युक्ती काढली, आणि 1921 साली ड्यूसेनबर्ग कंपनीच्या मोटारीत चारही चाकांना असे द्रवाचे ब्रेक बसवण्यात आले. पुढे ही पद्धत जगभर रूढ झाली. आपल्याकडे ज्या गाड्यांत दोन पिढ्यांनी प्रवास केला, त्या उत्तरपाड्याच्या अँबेसेडरमध्ये आणि मुंबईच्या कुर्ल्यात तयार होणाऱ्या प्रीमियर पद्मिनीमध्ये हेच ब्रेक होते. पद्मिनीचे उत्पादन या शतकाच्या आरंभी थांबले, अँबेसेडरचे 2014 साली. तरीही या गाड्या अद्याप पुष्कळांच्या अंगणात आहेत, आणि प्रेमाने चालवल्या जातात. त्या प्रेमाला थोड्या ज्ञानाची जोड हवी, एवढ्यासाठीच आजचे हे भाषण आहे.

प्रथम मूळ तत्त्व पाहू. फ्रान्समधील ब्लेझ पास्कल हा थोर गणिती 1623 साली जन्मला आणि अवघ्या एकोणचाळिसाव्या वर्षी, 1662 साली वारला. द्रवांविषयीचा त्याचा ग्रंथ त्याच्या मृत्यूनंतर, 1663 साली प्रसिद्ध झाला. कोंडलेल्या द्रवावर एका ठिकाणी दाब दिला असता तो सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हा त्याचा नियम आपण सर्वांनी शाळेत घोकलेला असतो. ब्रेकमध्ये याच नियमाचा उपयोग आहे. पायाखालच्या पेडलने एका लहान नळकांड्यातील दट्ट्या पुढे ढकलला जातो. या नळकांड्याला मास्टर सिलिंडर म्हणतात. तेथून बारीक नळ्या चारही चाकांकडे जातात. चाकाशी दुसरे लहान सिलिंडर असते. त्यातील दट्टे बाहेर सरकतात, ब्रेकचे शू ड्रमवर घासले जातात आणि गाडी थांबते.

आता थोडे अंकगणित करू. समजा, आपण पेडलवर 25 किलोचा भार दिला. पेडल ही तरफ असल्यामुळे तो भार पाचपट होऊन 125 किलो झाला. मास्टर सिलिंडरचा व्यास 19 मिलिमीटर धरला, तर त्याच्या दट्ट्याचे क्षेत्रफळ सुमारे 2.8 चौरस सेंटिमीटर येते. म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे 44 किलो दाब झाला. एखादे मूल अचानक आडवे आले तर घाबरून आपण पेडलवर याच्या दुपटीहून अधिक भार देतो. तेव्हा हाच दाब शंभरावर जातो. गाडीच्या टायरमध्ये हवेचा दाब साधारण दोन किलो असतो, हे ध्यानात घेतले म्हणजे या आकड्यांचा अर्थ कळेल. टायरच्या पन्नासपट दाब सोसणारी ही नळी असते तरी केवढी? बहुतेक गाड्यांत तिची जाडी पावणेपाच मिलिमीटर, म्हणजे शाळेतल्या पेन्सिलीहूनही कमी असते.

आणखी एक हिशेब सांगतो, कारण पुढचे सारे त्यावर अवलंबून आहे. पेडल पूर्ण दाबले तरी मास्टर सिलिंडरमधून पुढे सरकणारा द्रव चहाच्या दोन चमच्यांहून फारसा अधिक नसतो. टनाहून जड अशी गाडी, तीत बसलेली माणसे आणि समोरच्या रस्त्यावरची माणसे, या सर्वांचे रक्षण त्या दोन चमच्यांवर आहे. त्यातला एक चमचा वाटेत गळला, की पेडल जमिनीला टेकते आणि गाडी आपल्या वेगाने चालतच राहते.

हे मी वर्षानुवर्षे फळ्यावर शिकवीत आलो होतो. ते खऱ्या अर्थाने समजले मात्र एका रविवारी सकाळी.

आमच्या घरी सासऱ्यांची 1978 सालची अँबेसेडर आहे. एका पावसाळ्याच्या तोंडावर तिच्या मागच्या बाजूच्या ब्रेकच्या नळीतून गळती सुरू झाली. रस्त्याकडेच्या एका कारागिराने गंजलेला तुकडा कापला, त्यावर पितळी नळकांडे चढवले, दोन्ही बाजूंना डाख दिला आणि अर्ध्या तासात गाडी परत दिली. पैसे थोडे लागले. मला स्वतःच्या काटकसरीचे कौतुकच वाटले. दोन महिने काही झाले नाही. मग त्या रविवारी मिस्सा आटोपून आम्ही परतत होतो. मागे माझी पत्नी आणि सासूबाई बसल्या होत्या. बंजारा टेकड्यांचा एक उतार उतरताना मी ब्रेक दाबला, आणि पेडल काहीही विरोध न करता थेट तळाला गेले. उताराच्या पायथ्याशी एक फळवाला आपली बंडी रस्त्यापलीकडे नेत होता. मी गिअर खाली उतरवला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि चाके कडेच्या दगडांना घासत नेली. गाडी थांबली तेव्हा बंडी आणि आमच्यात तीन-चार हातांचे अंतर होते. सासूबाईंनी क्रूसाची खूण केली. त्या फळवाल्याने आमच्याकडे वळूनसुद्धा पाहिले नाही, कारण काय टळले हे त्याला ठाऊकच नव्हते.

आम्हाला वाचवले ते हँडब्रेकने. हँडब्रेकचा जोर तारेने आणि तरफेने मागच्या चाकांपर्यंत जातो. तेथे द्रवाचा संबंध नसतो. चौमहल्ल्यातील त्या शंभर वर्षांपूर्वीच्या गाडीचे तत्त्व आजही प्रत्येक जुन्या मोटारीत चालकाच्या हाताशी ठेवलेले आहे, ते अशाच प्रसंगासाठी. म्हणून हँडब्रेक ढिला ठेवून गाडी चालवू नये.

गाडी ओढत नेली ती एका वृद्ध उस्तादांकडे. त्यांनी खाली शिरून पाहिले, डाख दिलेला तो तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला आणि म्हणाले, “ये पाइप में जोड नै चलता, मास्टरसाब. पूरा बदलना पडता.” त्या एका वाक्यात या विषयाचे सार आहे. ब्रेकची नळी सांधायची नसते, बदलायची असते.

असे का, हे समजून घ्यायला हवे. पाण्याच्या नळाला डाख चालतो, मग येथे का चालत नाही? एक तर दाब फार मोठा आहे, हे आपण पाहिलेच. दुसरे असे, की हा दाब सतत नसतो. दर वेळी पेडल दाबले की तो चढतो आणि सोडले की उतरतो. शहरातल्या एका फेरीत हे शेकडो वेळा घडते. त्यात गाडीचे हादरे आहेत. तार पुन्हापुन्हा वाकवली की शेवटी तुटते, त्याप्रमाणे मऊ डाख आणि टणक पोलाद यांच्या सांध्यात बारीक भेग पडते व वाढत जाते. ती वरून दिसत नाही. आणि सर्वाधिक दाब कधी येतो? जेव्हा आपण जिवाच्या आकांताने ब्रेक दाबतो तेव्हा. म्हणजे दुबळा सांधा नेमका गरजेच्या क्षणी दगा देतो. रबरी नळीचा तुकडा पट्टीने आवळणे किंवा कूलरची तांब्याची नळी वापरणे, हे उपाय तर याहूनही धोक्याचे आहेत. साधे तांबे हादऱ्यांनी टणक व ठिसूळ होत जाते आणि चिरते.

नळी खराब का होते, तेही सांगतो. ती पोलादाची असते आणि गाडीच्या पोटाखालून जाते. पावसाळ्यात रस्त्यावरचा चिखल तिच्यावर बसतो. जेथे ती पट्ट्यांनी चासीला धरलेली असते, तेथे पट्टीखाली ओल साठून राहते आणि गंज धरतो. एखादी पट्टी निसटली तर नळी चासीवर घासून झिजते. हे झाले बाहेरचे कारण. आतले कारण त्या द्रवातच आहे. आपण त्याला ब्रेक ऑइल म्हणतो, पण ते तेल नव्हे. ते ग्लायकोल जातीचे द्रव्य असून हवेतील ओल शोषून घेते. डॉट तीन या प्रतीचा द्रव कोरा असताना किमान 205 अंश सेल्सिअसपर्यंत उकळता कामा नये, असा दंडक आहे. त्यात 3.7 टक्के पाणी मुरल्यावर हीच मर्यादा 140 अंशांवर येते. मुरलेले पाणी नळीला आतून गंजवते, आणि लांब उतारावर ब्रेक तापले की त्याची वाफ होते. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे नळी शाबूत असूनही ब्रेक मऊ पडतो. यासाठी हा द्रव साधारणतः दोन वर्षांनी बदलावा.

नळी बदलण्याचे काम जाणत्या हातांनीच करावे. पण ते योग्य रीतीने होते आहे की नाही, हे मालकाला कळायला हवे. म्हणून क्रम सांगतो.

गाडी सपाट जागी घेऊन चाकांना अडणी लावावी आणि ती भक्कम घोड्यांवर टेकवावी. केवळ जॅकच्या किंवा विटांच्या आधारावर तिच्याखाली कोणीही शिरू नये. जुनी नळी सोडवण्यापूर्वी तिच्या दोन्ही टोकांचे नट गंजरोधक तेलाने भिजवून ठेवावेत. नट षटकोनी असून मऊ असतात. साध्या पान्याने त्यांचे कोपरे झिजतात. पाचही बाजूंनी आवळून धरणारा, नळीपुरती फट असलेला खास पाना मिळतो, तोच वापरावा. जुनी नळी होता होईल तो अखंड काढावी, कारण नव्या नळीची लांबी व वळणे तिच्यावरूनच घ्यायची असतात.

नवी नळी ब्रेकसाठीच बनवलेली हवी. ती पोलादाची असते, किंवा तांबे आणि निकेल यांच्या मिश्रधातूची असते. ही मिश्रधातूची नळी गंजत नाही आणि वळवायलाही सोपी असते. सिकंदराबादच्या राणीगंज भागात मोटारीच्या सुट्या भागांची दुकाने पुष्कळ आहेत. तेथे जाताना जुनी नळी सोबत न्यावी. नळी कापायची ती करवतीने नव्हे, तर नळीभोवती फिरवायच्या चाकूच्या हत्याराने, म्हणजे तोंड सरळ राहते आणि कीस आत जात नाही. यानंतर दोन्ही नट आधी नळीत ओवून घ्यावेत आणि मगच टोके फुलवावीत. हा क्रम चुकला तर केलेले टोक कापून पुन्हा आरंभ करावा लागतो. चांगल्या चांगल्या कारागिरांची ही चूक होते.

टोक फुलवणे हा या कामाचा आत्मा होय. नटाच्या दाबाने नळीचे फुलवलेले टोक समोरच्या बैठकीवर घट्ट बसते, आणि त्या धातूवरील धातूच्या मिठीतूनच गळती थांबते. तेथे डाख नाही, सुतळी नाही, कसलाही लेप नाही. काही गाड्यांत हे टोक आत दुमडून दुपदरी केलेले असते, काहींत ते बाहेर फुगीर असते. जुन्या नळीचे टोक जसे असेल, तसेच नव्या नळीचे असले पाहिजे. टोकाला किंचितही चीर दिसली तर ते कापून टाकावे.

नंतर जुन्या नळीबरहुकूम वळणे द्यावीत. ती गोल वस्तूभोवती सावकाश द्यावीत. नळी चेपली किंवा मुडपली तर ती बाद समजावी. आतून ताज्या ब्रेक ऑइलने धुऊन मगच ती बसवावी. नट आधी बोटांनी फिरवावेत आणि आटे नीट बसल्यावर पान्याने आवळावेत. सर्व पट्ट्या पुन्हा लावाव्यात. नळी धुराच्या नळकांड्याजवळून अथवा हलणाऱ्या भागाला घासून जात नाही, हे पाहावे. याच वेळी चाकांजवळच्या रबरी नळ्याही तपासाव्यात. फुगलेल्या अथवा भेगाळलेल्या रबरी नळ्या तशाच ठेवून लोखंडी नळी तेवढी बदलणे म्हणजे अर्धवट काम होय.

आता राहिले हवा काढण्याचे काम. नळी उघडली की तिच्यात हवा शिरते. चव्वेचाळीस किलोच्या दाबाखाली हवेचा बुडबुडा आक्रसून सुमारे पंचेचाळिसावा हिस्सा उरतो. म्हणजे आपल्या पायाचा सारा प्रवास तो बुडबुडा दाबण्यातच खर्च होतो आणि चाकापर्यंत काही पोहोचत नाही. हवा काढायला दोन माणसे लागतात. मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून आरंभ करावा. आपल्याकडील उजव्या बाजूच्या चालकाच्या गाड्यांत ते बहुधा मागचे डावे चाक असते. चाकाच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे दुसरे टोक ब्रेक ऑइल असलेल्या बाटलीत बुडवावे. एकाने पेडल दाबून धरावे, दुसऱ्याने निपल सोडावे. द्रव व बुडबुडे बाहेर आले की प्रथम निपल बंद करावे आणि मगच पेडल सोडावे. बुडबुडे थांबेपर्यंत हे करीत राहावे आणि मग पुढच्या चाकाकडे वळावे. वरच्या टाकीतील द्रव मधूनमधून पाहत राहावा. ती रिकामी झाली की हवा पुन्हा आत शिरते आणि सारे श्रम वाया जातात. बाटलीत जमा झालेला द्रव पुन्हा वापरू नये. तो गाडीच्या रंगावर सांडला तर रंग उतरवतो, आणि डोळ्यांत उडाला तर इजा करतो. टाकीत घालायचा द्रव गाडीच्या पुस्तिकेत सांगितलेला, बंद डब्यातलाच असावा. इंजिनाचे तेल तर चुकूनही घालू नये. त्याने आतील रबरी भाग फुगतात आणि सर्वच सिलिंडर निकामी होतात.

शेवटी परीक्षा. पेडल जोराने दाबून मिनिटभर तसेच धरावे. ते टणक लागले पाहिजे आणि खाली सरकता कामा नये. त्या वेळी दुसऱ्याने प्रत्येक सांध्याला कोरडा कागद लावून ओल दिसते का ते पाहावे. मग आधी हँडब्रेकची खात्री करून मोकळ्या मैदानात, अगदी मंद वेगाने, दोन-चार वेळा गाडी थांबवून पाहावी. तोवर कुटुंबाला गाडीत बसवू नये.

नंतरच्या काळातील मोटारींत द्रवाचे दोन स्वतंत्र मार्ग असतात. एक फुटला तरी दुसरा काही प्रमाणात गाडी थांबवतो. अमेरिकेत 1968 सालापासून नव्या मोटारींना अशी विभागलेली व्यवस्था सक्तीची झाली. आमच्या अँबेसेडरसारख्या जुन्या गाडीत मात्र मार्ग एकच असतो. एके ठिकाणची गळती ही चारही चाकांची गळती असते. म्हणून जुन्या गाडीच्या मालकाने तीन खुणा ओळखायला शिकावे. टाकीतील द्रव वारंवार कमी होणे, चाकाच्या आतल्या अंगाला अथवा गाडीखाली ओला डाग दिसणे, आणि पेडल पूर्वीपेक्षा खाली जाणे किंवा मऊ लागणे. या तिन्हींपैकी एकही दिसली तर गाडी जागीच ठेवून उस्तादांना बोलवावे. वरून द्रव ओतून गाडी चालवत राहणे हा त्यावरचा इलाज नाही.

डाख दिलेला तो नळीचा तुकडा मी उस्तादांकडून मागून घेतला. तो आता शाळेच्या प्रयोगशाळेतील कपाटात असतो. पास्कलचा नियम शिकवण्याची वेळ आली की मी तो वर्गात नेतो आणि मुलांच्या हातात देतो. त्यावरची भेग फार बारीक आहे. उजेडाकडे धरून पाहिल्याशिवाय ती दिसत नाही. मुले ती शोधतात, सापडली की एकमेकांना दाखवतात, आणि मग त्या रविवारची हकीकत मी त्यांना सांगतो. आपल्या घरी जुनी गाडी असेल तर पावसाळा येण्यापूर्वी एकदा ती उचलून तिच्या पोटाखालच्या नळ्या पाहून घ्या, एवढेच सांगून आजचे भाषण पुरे करतो.